चांदा जिल्ह्यातील साथी आणि आदिवासींची लोकसंख्या

वसाहतीच्या राजवटीत मूळ रहिवाशांची संख्या साथींमुळे घटली, हे विधान आता रूढ झाले आहे. अंदमानात ते बव्हंशी खरे ठरते. तेथे १८७७ साली गोवर पसरला. एके काळी हजारोंनी असलेले थोर अंदमानी १९६१ च्या शिरगणतीत अवघे १९ उरले. हेच सूत्र चांदा जिल्ह्यास लावता येईल काय, हे येथे पाहावयाचे आहे.

चांदा ही गोंड राजांची राजधानी. येथील गोंड समाज बाह्य जगापासून तुटलेला नव्हता. देवीसारखे रोग त्यास ब्रिटिश अमलापूर्वीच परिचित होते. तेव्हा येथील घटीचे कारण रोगाच्या नवेपणात नसून बदललेल्या जीवनव्यवस्थेत शोधले पाहिजे.

नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले. १८७० नंतरच्या दशकात वरोऱ्यास सरकारी कोळशाची खाण व वर्ध्याहून लोहमार्ग आला. याच काळात, १८७८ च्या कायद्यान्वये, वने राखीव होऊ लागली. फिरत्या शेतीवर निर्बंध आले आणि मोह, कंद व फळे हा अवर्षणातील आधार सरकारी परवानगीच्या अधीन झाला. अशा स्थितीत १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ पडले. क्षीण देह, आटलेले पाणी व स्थलांतर करणाऱ्यांची गर्दी यांमुळे पटकी व हगवण यांस वाट मिळाली. मध्यप्रांताच्या ब्रिटिश जिल्ह्यांची लोकसंख्या १८९१ मधील सुमारे १ कोटी ८ लाखांवरून १९०१ मध्ये ९९ लाखांखाली आली. १९१८ साली पाऊस फसला आणि पाठोपाठ इन्फ्लुएंझा आला. मध्यप्रांत-वऱ्हाडात त्याने सुमारे ९ लाख माणसे दगावली. १९११ व १९२१ या दोन्ही शिरगणतींत प्रांताची लोकसंख्या १ कोटी ३९ लाखच भरली.

तथापि आकडे सावधपणे वाचावयास हवेत. मृत्यूची वर्दी गावचा कोतवाल पोलीस ठाण्यावर देई व बहुतेक मृत्यू 'ताप' या एकाच सदरात पडत; हिवताप आणि इन्फ्लुएंझा यांत भेद उरत नसे. शिवाय 'वन्यधर्मी' म्हणून नोंदलेला गोंड पुढील गणनेत 'हिंदू' लिहिला गेला, की एकही मृत्यू न होता त्या धर्माची संख्या घटे.

म्हणून मृत्यू, स्थलांतर व नोंदीतील बदल ही तीन कारणे पृथक् केली पाहिजेत. प्रत्येक घट मृत्यूच मानल्यास पुरावा ढासळतो. उलट सारा दोष जंतूंवर टाकल्यास वन व अन्न यांविषयीचे शासकीय धोरण निर्दोष सुटते. जात, धर्म व भाषा यांचे तक्ते शेजारी ठेवून वाचणे, हाच या दोन्ही प्रमादांवरील उपाय होय.