मृगाआधी खुराडे उंच घ्या



मुळशीत ऊस पाहत फिरताना घरोघरी डालग्याखाली, ओल्या जमिनीवर कोंबड्या दिसतात. मुंगूस एखादी नेते. ओल मात्र दहा नेते. आमचीही ७ पिल्ले एका पावसाळ्यात अशीच गेली.

खुराडे २ फूट उंच खांबांवर बांधा. १० कोंबड्यांना ५ बाय ३ फूट पुरे. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे घाटाकडचा पाऊस अरुंद बाजूलाच लागेल; ती फळ्यांनी बंद करा. लांब बाजूंना अर्ध्या इंची जाळी, वर उतरता पत्रा, त्यावर उसाचे पाचट. खाली कोरडा भुसा. भिजला की बदला. मानमोडीची लस चुकवू नका.

खत कुजवून उसाला घाला. अंड्यांचे पैसे मात्र घरच्या लक्ष्मीच्याच हाती राहू द्या.