गाळलेल्या जागा कोण भरतं?

यंत्रांचे सूर : लेखांक सातवा

मागच्या लेखांकात आपण टेप एकोचं काम पाहिलं. एका हेडने टेपवर आवाज उतरवायचा, थोडं पुढे बसवलेल्या दुसऱ्या हेडने तो वाचायचा आणि वाचलेला आवाज पुन्हा पहिल्या हेडकडे पाठवायचा. दर फेरीत वरच्या पट्टीतले ध्वनी झिजतात, म्हणून प्रतिध्वनी लहान होता होता काळवंडतही जातो. जमैकात जन्मलेलं ‘डब’ संगीत म्हटलं की बहुतेकांना हाच आवाज आठवतो, आणि त्यामुळे कुठल्याही ठेक्यावर भरपूर एको ओतला की डब तयार होतं, असा समज रूढ झाला आहे. मला तो चुकीचा वाटतो. डबचा प्राण गाळण्यात आहे, आणि गाळलेलं जाणवायचं तर ते श्रोत्याला आधी ठाऊक असावं लागतं. प्रश्नपत्रिकेतल्या गाळलेल्या जागा धडा वाचलेल्यालाच भरता येतात. डबचा धडा कोण शिकवतं, हा आजचा प्रश्न.

सुरुवातीला तो गाण्याने शिकवला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जमैकातले साउंड सिस्टिम, म्हणजे नाचासाठी लावायचा मोठा ध्वनिसंच, चालवणारे रडी रेडवूड यांच्यासाठी ट्रेझर आयल स्टुडिओत द पॅरागॉन्सच्या ‘ऑन द बीच’ची एक तबकडी कापली गेली. तीत गायकांचा ट्रॅक घ्यायचा चुकून राहून गेला. रेडवूड यांनी ती तशीच वाजवली आणि नाचायला जमलेल्या लोकांनी शब्द स्वतःच म्हटले, असं सांगितलं जातं. गाणं त्यांना पाठ होतं, म्हणूनच त्यातली पोकळी त्यांना हाक मारू शकली. अनोळखी गाण्यातून आवाज काढला असता, तर ते निव्वळ वाद्यवादन ठरलं असतं. लवकरच तबकडीच्या एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्याचंच गायकाविना ‘व्हर्जन’ हा जमैकात रिवाज झाला. डब या जोडीतून जन्मलं.

इथे एक आक्षेप येतो. मूळ गाणं कधीही न ऐकलेला माणूसही किंग टबींच्या डबमध्ये रंगून जातो, त्याचं काय? उत्तर टबींच्या कामातच आहे. ऑस्बोर्न रडॉक हे त्यांचं खरं नाव. ते मुळात विजेची उपकरणं दुरुस्त करणारे आणि अॅम्प्लिफायर बांधणारे कारागीर. किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतल्या त्यांच्या स्टुडिओत चार ट्रॅकांचा मिक्सर होता. टेप चालू असताना, हातांनी, एका दमात ते मिक्स करत. ऑगस्टस पाब्लो यांच्यासाठी केलेलं ‘किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन’ हे जेकब मिलर यांच्या ‘बेबी आय लव्ह यू सो’ या गाण्याचं डब. त्यात मिलर यांचा आवाज तुकड्यातुकड्याने येतो. शब्द उमटतो, एकोत जातो, फेडर खाली येतो आणि उरतात ड्रम व बेस. धड्यातल्या चार ओळी टबी फळ्यावर लिहितात आणि मगच पुसतात. नवख्या श्रोत्याला तेवढ्या पुरतात. मूळ गाणं माहीत असलेल्याला जास्त मिळतं, हे मात्र मान्य करायला हवं.

खरी कसोटी लागते ती बर्लिनमध्ये. १९९३ पासून मॉरित्स फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टस यांनी ‘बेसिक चॅनल’ या नावाने तबकड्या काढल्या. डब टेक्नो म्हणून आज जे ओळखलं जातं, त्याचा पाया तिथे घातला गेला. या संगीतात बहुधा गायक नाही, मूळ गाणं नाही, तबकडीची ‘पुढची बाजू’च नाही. मग गाळायचं काय? माझं म्हणणं असं की गाण्याची जागा इथे आवर्तनाने घेतली. एकच स्वरमेळ मिनिटानुमिनिटं फिरत राहतो, फिल्टर अगदी सावकाश उघडतो आणि मिटतो. इतक्या वेळा ऐकल्यावर तो श्रोत्याला पाठ होतो. जमैकात जे महिनाभर रस्त्यारस्त्यावर वाजून घडायचं, ते इथे त्याच तबकडीच्या पोटात घडतं.

हे कंटाळ्याचं समर्थन झालं, असं कुणी म्हणेल. आवर्तन तर सगळ्याच टेक्नोत असतं, मग यात वेगळं काय? वेगळं हे की इथे आवर्तन उधारीसारखं वापरलं जातं. आधी सवय लावायची, मग तीतला एक धागा काढून घ्यायचा. सवय लावून पुढे काहीच न काढणारं संगीत डबसारखं वाजलं, तरी ते डब नाही. शिवाय याच जोडगोळीने ‘रिदम अँड साउंड’ या नावाने २००३ साली दोन अल्बम काढले. एकात गायकांसह गाणी, दुसऱ्यात त्यांचीच व्हर्जन. आवर्तनाची वाट सापडलेले लोकही जमैकाच्या जोडीकडे वळले. एकाच कामाच्या या दोन रीती आहेत, असं त्यावरून मला दिसतं.

आज संगीत घडवणाऱ्याला यातून थेट उपयोगाचं काही मिळतं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. एको ३७५ वर ठेवला की त्याची पहिली परतफेड ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मध्ये पडते आणि ठेका हलू लागतो. हा हिशेब सॉफ्टवेअर क्षणात करतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. यंत्र जुनं असण्याने डब घडत नाही. पण काय कधी काढायचं, हे सॉफ्टवेअर सांगू शकत नाही, कारण ते ऐकणाऱ्याच्या आठवणीवर ठरतं. म्हणून एक परीक्षा सुचवतो. तुमच्या रचनेतला मुख्य स्वरमेळ मध्येच बंद करा, एकोही विझू द्या. पुढची चार आवर्तनं तो स्वरमेळ कानात आपसूक वाजत राहिला, तर धडा नीट शिकवला गेला आहे. नुसती शांतता ऐकू आली, तर गाळायची वेळ अजून आलेली नाही.

(पुढील लेखांकात : लंडनचं डबस्टेप)