पोराला पाय फुटले की…

दीड वर्षाचं पोर म्हणजे दावं सुटलेलं वासरू. आत्ता चुलीपुढं, घटकेत गोठ्यात, तिथून न्हाणीत. आई भाकरी थापते, बाप धार काढतो, आजी दळण निवडते. प्रत्येकाला वाटतं, पोर दुसऱ्याजवळ आहे. घात होतो तो याच वेळी.

या वयात डोकं अंगाच्या मानानं जड असतं. बादलीत वाकून पाहताना तोल गेला, तर पोराला वर येता येत नाही. वीतभर पाणीही जिवावर बेततं. आणि बुडणारं पोर बहुधा ओरडत नाही. म्हणून बादली रिकामी करून पालथी घाला, हौदावर झाकण ठेवा.

फवारणीचं औषध सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नका. मूळ डब्यातच, कुलपात ठेवा. पोटात गेलंच तर ओकारी काढू नका. १०८ ला फोन करा, डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठा. भुईमुगाचे अख्खे दाणे श्वासनळीत अडकतात. कूट करून द्या.

मायबहिणींनो, पोराला बांधून ठेवू नका. हुंदडण्यातच त्याची वाढ आहे. फक्त उठताना तोंडानं म्हणा, “आत्याबाई, आता पोर तुमच्याकडं.” आणि “हो” ऐकल्याशिवाय जागचं हलू नका.