बोलका पोपट कुणाशी बोलतो?

हाँगकाँगच्या प्रिन्स एडवर्ड स्थानकातून बाहेर पडलं की आधी फुलबाजार लागतो. ऑर्किडच्या कुंड्या, बांबूची रोपं, ओले पदपथ. हा रस्ता संपत आला की गाड्यांच्या घरघरीवर शिळांचा आवाज चढू लागतो आणि युएन पो स्ट्रीट बर्ड गार्डनचा गोल चिनी दरवाजा समोर येतो. नाव बागेचं असलं तरी कारभार बाजाराचा आहे. भिंतीला टेकून दुकानांची ओळ, डोक्यावर टांगलेले पिंजरे, पोत्यांत राळे आणि सूर्यफुलाच्या बिया, जाळीच्या पिशव्यांत जिवंत नाकतोडे.

हा बाजार पूर्वी इथे नव्हता. माँगकॉकमधल्या हाँग लोक स्ट्रीट नावाच्या चिंचोळ्या गल्लीत तो कित्येक वर्षं भरत असे आणि ‘पक्ष्यांची गल्ली’ म्हणूनच लोक तिला ओळखत. त्या भागाचा पुनर्विकास ठरला, गल्ली पाडली गेली आणि 1997 साली पक्षी इथे आले. जुन्या वस्तीच्या जागी आज लँगहॅम प्लेस नावाचा टोलेजंग मॉल उभा आहे. त्याच 1997 सालात हाँगकाँगमध्ये एच5एन1 बर्ड फ्लू माणसांपर्यंत पोचला. 18 जणांना लागण झाली, 6 दगावले, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवसांत शहरातल्या यच्चयावत कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या. नव्या जागेची आखीव दुकानं, धुतलेली फरशी आणि पक्ष्यांना हात न लावण्याच्या पाट्या पाहताना ते वर्ष आठवतं.

इथल्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या शौकाबद्दल मला सरसकट नाक मुरडता आलं नाही. म्हातारे गृहस्थ सकाळी कापडी खोळ घातलेला पिंजरा हातात धरून येतात, तो आकड्याला अडकवतात आणि शेजारी बसून राहतात. आत ह्वामेई असतो, चष्मेवाला असतो, नाहीतर आपल्याकडे परसात शीळ घालणारा दयाळ. बांबूच्या बारीक काड्यांचे पिंजरे आणि आतल्या निळ्या नक्षीच्या चिनीमातीच्या वाट्या म्हणजे कारागिरीचे नमुनेच. नाकतोडा चॉपस्टिकच्या चिमटीत धरून काड्यांमधून आत सरकवला जातो. यात जिव्हाळा आहे, जाणकारीही आहे. पण गाणारा हवा म्हणून नरच निवडलेला असतो, आणि त्याचं गाणं मुळात मादीला बोलावण्यासाठी आणि दुसऱ्या नराला हद्द दाखवण्यासाठी असतं. पिंजरे शेजारीशेजारी टांगले की दोघंही जोरात गातात, याचं कारण रसिकांनी फारसं विचारायचं नसतं.

पोपटांचा भाग आतल्या बाजूला आहे. तिथे बांबू नाही, कारण मोठ्या पोपटाची चोच बांबू सहज फोडते. तिथे लोखंडी पिंजरे, काही पक्षी उघड्या दांडीवर, पायात कडी आणि साखळी. बजरीगर आणि लव्हबर्ड घोळक्यात. मोठे पोपट मात्र बहुतेक एकेकटे. निळेपिवळे मकाव, पांढरे काकाकुआ, लाल शेपटीचे आफ्रिकन ग्रे. एका ग्रेची छाती पूर्ण उघडी होती, गुलाबीसर कातडी दिसत होती. डोक्यावरची पिसं मात्र शाबूत. रोगानं पिसं झडली तर डोकंही सुटत नाही. चोच जिथे पोचू शकत नाही तेवढीच पिसं शिल्लक राहिली, तर ती त्यानं स्वतःच उपटली आहेत असा पहिला संशय घ्यायचा, हे पक्षिवैद्य सांगतात. काही अंतरावर एक काकाकुआ दांडीवर डावीकडे दोन पावलं, उजवीकडे दोन पावलं, मान गोल फिरवून पुन्हा डावीकडे, असा चालत होता. बघे त्याला नाचणारा पोपट समजून हसत होते.

या दोन गोष्टी, पिसं उपटणं आणि एकच हालचाल अखंड करत राहणं, बंदिवासातल्या पोपटांत इतक्या सर्रास आढळतात की त्यांच्यावर स्वतंत्र संशोधन झालं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत 2003 च्या सुमारास अ‍ॅमेझॉन पोपटांच्या पिल्लांवर प्रयोग झाले. एका गटाला वाटीत तयार खाणं. दुसऱ्या गटाला तेच खाणं, पण ते काढण्यासाठी झाकण उघडायचं, काहीतरी कुरतडायचं, भोकातून ओढायचं, शिवाय चढायला-लोंबकळायला फांद्या आणि दोऱ्या. वर्षभरात पहिल्या गटाची पिसं बिघडत गेली, दुसऱ्याची चांगली राहिली. नंतर पहिल्या गटालाही तशीच कामं दिली तेव्हा त्यांचीही पिसं सुधारली. आजार औषधाचा नव्हता, बेकारीचा होता. रानातला पोपट दिवसातले कित्येक तास अन्न शोधण्यात, सोलण्यात, फोडण्यात घालवतो. पिंजऱ्यात वाटी भरलेली असते, ते काम काही मिनिटांत उरकतं, आणि उरलेल्या दिवसाचं काय करायचं हा प्रश्न त्या चोचीपुढे उभा राहतो. समोर स्वतःची छाती असते.

2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे पन्नास जातींच्या तेराशेहून अधिक पाळीव पोपटांची माहिती एकत्र करून तपासली गेली. ज्या जातींना रानात अन्न फोडण्या-सोलण्याचे कष्ट जास्त, त्यांच्यात पिंजऱ्यात पिसं उपटण्याचं प्रमाण जास्त. आणि शरीराच्या मानानं मेंदू जितका मोठा, तितकं येरझाऱ्या घालण्याचं आणि गज चावत बसण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे जो पोपट हुशार म्हणून चढ्या भावानं विकला जातो, तोच पिंजऱ्यात सर्वात वाईट राहतो. दुकानदाराच्या भावफलकाकडे या नजरेनं पाहिलं की जरा गरगरायला होतं.

हुशारीचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अ‍ॅलेक्स. आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेनं 1977 साली शिकागोजवळच्या एका पाळीव प्राण्यांच्या दुकानातून हा आफ्रिकन ग्रे घेतला. वस्तूचा रंग, आकार, ती कशाची बनली आहे, किती आहेत, हे तो शब्दांत सांगू लागला. 2007 साली, 31 व्या वर्षी तो मेला, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत मृत्युलेख आले. अ‍ॅलेक्समुळे पोपटाच्या बुद्धीविषयीचा आदर वाढला यात शंका नाही. पण त्याच बातम्या वाचून ‘आपणही एक घेऊ या’ असं म्हणणारेही निघालेच असणार.

पोपट मुळात बोलतो कशासाठी, याचं उत्तर पिंजऱ्याबाहेर शोधावं लागतं. व्हेनेझुएलात हिरव्या पाठीच्या इवल्या पोपटांच्या घरट्यांत कॅमेरे आणि ध्वनिमुद्रक बसवून कार्ल बर्ग आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक पिल्लाची स्वतःची वेगळी हाक असते आणि ती आईबापांच्या हाकांवरून घडते. काही घरट्यांतली अंडी अदलाबदल केली, तेव्हाही पिल्लं ज्यांनी वाढवलं त्यांच्याच वळणाच्या हाका शिकली. ही हाक म्हणजे थव्यातली ओळख. दाट झाडीत कोण कुठे आहे हे तीवरून कळतं. आवाज ऐकून तो उचलण्याची ही देणगी निसर्गानं पोपटाला थव्यात राहण्यासाठी दिली. थवा काढून घेतला की तो समोर जे कुणी असेल त्याची भाषा उचलतो. दाराची घंटा, मोबाइल, आजीचा खोकला, ‘मिठू मिठू’. आपल्याला गंमत वाटते. तो मात्र थव्यात सामील होण्याची खटपट करत असतो.

म्हणूनच जगभरच्या पक्षीबाजारांत एक सल्ला ठरलेला असतो: एकच घ्या, जोडी घेतलीत तर तो तुमच्याशी बोलणार नाही, माणसाळणार नाही. डेव्हिसच्याच संशोधकांनी हेही तपासलं. जोडीनं ठेवलेल्या पिल्लांत एकाच हालचालीचा नाद लागला नाही. एकट्यांपैकी निम्म्याहून अधिकांना वर्षभरात लागला. आणि जोडीतली पिल्लं ओळखीच्या माणसाला बुजू लागली, असं काही झालं नाही. 2014 मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी आफ्रिकन ग्रे पोपटांच्या रक्तातले टेलोमिअर मोजले. गुणसूत्रांच्या टोकांना असलेले हे तुकडे वयानुसार आणि ताणामुळे आखूड होत जातात. एकट्या ठेवलेल्या नऊ वर्षांच्या पोपटांचे टेलोमिअर जोडीनं राहणाऱ्या आणि त्यांच्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या असलेल्या पोपटांइतके आखूड निघाले. एकटेपणाचा असा हिशेब माणसांच्या बाबतीतही क्वचितच इतका स्वच्छ मांडता येतो.

हे ग्रे येतात कुठून? मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या जंगलांतून 1975 पासून तेरा लाखांहून अधिक ग्रे कायदेशीर कागदांवर निर्यात झाले. चोरट्या मार्गानं गेलेले त्यात धरलेले नाहीत. पकडण्याची रीत साधी. पाळलेला एक पोपट झाडावर बांधून ठेवायचा, आसपासच्या फांद्यांना चिकट डिंक फासायचा. त्याची हाक ऐकून रानातले खाली उतरतात. जी हाक थव्याला बांधून ठेवते तीच सापळ्यात ओढते. पकडल्यानंतर पंखांची पिसं छाटली जातात, पेट्यांत दाटीवाटीनं भरलं जातं, आणि विमानात चढण्याआधीच मरणाऱ्यांच्या प्रमाणाचे अंदाज निम्म्याच्या आसपास जातात. घानातून 1990 च्या दशकानंतर नव्वद टक्क्यांहून अधिक ग्रे नाहीसे झाल्याचं 2016 मध्ये नोंदलं गेलं. त्याच वर्षी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटीस कराराच्या जोहान्सबर्ग परिषदेनं ग्रेला पहिल्या परिशिष्टात टाकलं आणि 2017 च्या जानेवारीपासून रानातून पकडलेल्या ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. अमेरिकेनं 1992 च्या कायद्यानं, युरोपीय संघानं बर्ड फ्लूच्या धास्तीनं 2005 मध्ये तात्पुरती आणि 2007 मध्ये कायमची, रानपक्ष्यांच्या आयातीला चाप लावलाच होता. आता बाजारात दिसणारा प्रत्येक ग्रे ‘पैदास केलेला’ असतो, निदान कागदावर.

कागद खरा की खोटा हे ओळखायची एक सुरेख युक्ती हाँगकाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी वापरली, आणि तिच्यामागे या शहराची एक विचित्र कथा आहे. बाजारापासून फार दूर नाही, समुद्राच्या खाडीपलीकडे हाँगकाँग पार्कमध्ये संध्याकाळी पिवळ्या तुऱ्याचे पांढरे काकाकुआ किंचाळत उडतात. मूळचे इंडोनेशिया आणि पूर्व तिमोरचे. तिथे 1980 च्या दशकात हजारोंनी पकडून विकल्यामुळे ही जात आज नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. पाळीव म्हणून आलेल्या आणि सुटलेल्या पक्ष्यांपासून हाँगकाँगमध्ये साधारण दोनशेंचा थवा तयार झाला. जगात मोकळे उरलेल्यांपैकी हे जवळजवळ दहा टक्के. डिसेंबर 1941 मध्ये जपान्यांना शरण जाण्यापूर्वी ब्रिटिश गव्हर्नरनं आपल्या पक्षिगृहाचं दार उघडलं आणि त्यातून हे आले, अशी दंतकथा गाइड मंडळी चवीनं सांगतात. पुरावा नाही, पण कथा सोडवत नाही.

या थव्यातली पिल्लं चोरून विकली जाण्याची भीती होती. संशोधकांनी पिसांतल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांची तुलना केली. पिंजऱ्यात मका आणि तयार दाणे खाऊन वाढलेल्या पक्ष्याच्या पिसात एक खूण उतरते, झाडांची फळं, बिया, कळ्या खाणाऱ्याच्या पिसात दुसरी. दुकानातला काकाकुआ पैदास केंद्रातला की पार्कातला, हे त्याचं पीसच सांगू शकतं. 2018 मध्ये हाँगकाँगनं धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या कायद्याखालची कमाल शिक्षा एक कोटी हाँगकाँग डॉलर दंड आणि दहा वर्षं कैद इतकी वाढवली आहे. चोरट्यांपेक्षा या थव्याला आज दुसरी अडचण मोठी. वादळानंतर धोक्याची म्हणून जुनी झाडं तोडली जातात, ढोल्या बुजवल्या जातात, आणि काकाकुआ ढोलीशिवाय अंडी घालत नाही.

हाँगकाँगच्या झाडांवर आपला नेहमीचा, गळ्यात गुलाबी कंठी असलेला पोपटही रुळला आहे. कौलून पार्कात त्याची किलबिल ऐकली की क्षणभर पुण्यातल्या एखाद्या वडाखाली असल्यासारखं वाटतं. हा पोपट महाराष्ट्रात पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, तरी तो गॅलरीत मिरची आणि भिजवलेली डाळ खात बसलेला कितीतरी घरांत दिसतो. भविष्याची पाकिटं उचलणारा असतो तोही हाच. विदेशी पोपटांची गोष्ट निराळी. 2022 च्या दुरुस्तीनं साइटीस यादीतले प्राणी कायद्याच्या कक्षेत आले आणि 2024 च्या नियमांनी ते बाळगणाऱ्यांना सरकारी संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक केली. मालकी, जन्म, मृत्यू, हस्तांतर अशा नोंदी त्यात द्यायच्या असतात. तो एकटा आहे का, दिवसभर करतो काय, याला रकाना नाही.

ज्यांच्या घरी असा पक्षी आधीच आहे त्यांनी त्याला सोडून देऊ नये. मकाव आंब्याच्या झाडावर जगणार नाही. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवू नये, त्यानं अ जीवनसत्त्वाची कमतरता होते. नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नये, त्याचा धूर पोपटाला मिनिटांत मारतो. खाणं वाटीत न देता कागदात, लाकडात, दोरीत गुंडाळून द्यावं, म्हणजे त्याला काम मिळतं. आणि जमल्यास त्याच्याच जातीची सोबत.

या शेवटच्या अटीला स्वित्झर्लंडनं 2008 मध्ये कायद्याचं रूप दिलं: थव्यात राहणारे पोपट एकटे ठेवायचे नाहीत. हाच नियम युएन पो स्ट्रीटवर लावला तर काय होईल, याचा मी तिथे उभा राहून विचार करत होतो. सर्वात महाग असतं ते सिरिंजनं हातावर भरवून वाढवलेलं एकुलतं पिल्लू, कारण ते लवकर बोलेल असं गिऱ्हाइकाला सांगितलेलं असतं. जोडी घ्यायची म्हटलं की पिंजरा मोठा, खर्च दुप्पट, आवाज दुप्पट, आणि तो आपल्याशीच बोलेल याची हमी नाही. छापे आणि दंड यांनी जेवढी विक्री थांबेल, त्याहून कितीतरी जास्त या एका अटीनं थांबेल असं मला वाटतं. आणि जे तरीही जोडी घेऊन जातील, त्यांच्या घरी निदान दोन पोपट तरी एकमेकांशी बोलतील.