वाणिज्यनीती : दंड आणि विवेक

ग्राहकाप्रती व्यापाऱ्याचे उत्तरदायित्व प्राचीन भारतीय ग्रंथांत दोन दिशांनी मांडलेले आढळते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात खोट्या मापातोलाला दंड सांगितला असून, खरेदी-किमतीवर स्वदेशी मालासाठी शेकडा 5 व परदेशी मालासाठी शेकडा 10 अशी नफ्याची मर्यादा घातली आहे. 1986 व 2019 चे ग्राहक संरक्षण कायदे याच दंडनीतीचे वारसदार होत. साने गुरुजींनी मराठीत आणलेल्या तिरुक्कुरळात मात्र हा विषय समदृष्टीच्या प्रकरणात येतो : दुसऱ्याचे तेही आपलेच मानून जपणे, हाच खरा व्यापार. दंड तराजू तपासू शकतो. परंतु मालातील जो दोष केवळ विक्रेत्यालाच ठाऊक असतो, तेथे त्याच्या विवेकावाचून ग्राहकाला अन्य संरक्षण उरत नाही.