देवणीकरांनो, यंदा कविता पाठवाच!

२०२२ च्या एप्रिलमध्ये ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या शेजारी उदगीरला भरलं. अध्यक्ष होते भारत सासणे. मोठी नावं व्यासपीठावर असतातच, पण माझा जीव कविकट्ट्यात रमतो. आधी कविता मागवतात, निवड झाली की कुणीही नवखा तिथं उभा राहून वाचू शकतो.

कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. त्या सुमारास शाळा-कॉलेजांत, वाचनालयांत काव्यस्पर्धा निघतात. नियमावली नीट वाचा. बहुतेक ठिकाणी कविता स्वरचित हवी, पुष्कळदा अप्रकाशितही. कवितेच्या पानावर नाव नको म्हटलं असेल तर खरंच टाकू नका, वेगळ्या कागदावर द्या. सादरीकरण असेल तर घड्याळ लावून मोठ्यानं वाचून बघा. जिथं जीभ अडखळते, ती ओळ बहुधा कच्ची असते.

आणि विषय? चंद्र-चांदण्या राहू द्या की! आपल्या देवणी जातीच्या गुरांत पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा, तोंडाच्या बाजूंना काळा असलेला वानेरा, अंगानं पांढराशुभ्र बालंक्या. असले शब्द आपल्या दावणीलाच बांधलेत. परभणीच्या इंद्रजित भालेरावांनी शेतशिवाराच्या बोलीतच कविता लिहिली आणि ती महाराष्ट्रभर गेली. सीमेवरच्या आपल्या मराठीत कानडीचा हेल मिसळतो, तोही येऊ द्या कवितेत.

शाळेतल्या पोरींना हे आवर्जून सांगा. वहीच्या मागच्या पानावर लिहिणाऱ्या कितीतरी असतात.