तिखट ही चव नव्हे
गोड, आंबट, खारट, कडू यांच्याप्रमाणे तिखट हीसुद्धा एक चव आहे, असे सर्रास मानले जाते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती वेदना आहे. जिभेतल्या वेदनाग्राही चेतातंतूंच्या (इजेची वर्दी देणाऱ्या तंतूंच्या) टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचे प्रथिन असते. तापमान सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेले की ते उघडते, आयन (विद्युतभारित कण) आत शिरतात आणि मेंदूकडे संदेश जातो. मिरचीतले कॅप्सेसिनही हेच प्रथिन उघडते. दारावरची बेल कोणीही दाबली तरी आवाज तोच येतो, तसा मेंदूला ‘भाजते आहे’ असाच निरोप मिळतो. प्रत्यक्षात काहीच भाजलेले नसते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हे प्रथिन ओळखले. २०२१ चे वैद्यकाचे नोबेल ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना विभागून मिळाले. कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही. त्यामुळे तिखट लागल्यावर पाण्यापेक्षा दूध बरे.